पृथ्वीचा ताप कोण उतरवतं?

दोस्तांनो, एका घरात तीन भावंडं आहेत असं समजा. तिघांचा जन्म साधारण एकाच वेळचा, म्हणजे सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीचा. तिघांचं अंगही एकाच मालाचं, दगडाचं आणि लोखंडाचं. पण एकाला असा ताप चढलाय, की त्याच्या अंगावर शिशाचा तुकडा ठेवला तर तो वितळून जाईल. दुसरं थंडीनं पार गारठून पडलंय. आणि तिसरं मात्र अगदी ठणठणीत! अंगाखांद्यावर झाडं, चिमण्या, हत्ती आणि तुम्हा-आम्हाला खुशाल मिरवतंय. ओळखलंत ना? पहिला शुक्र, दुसरा मंगळ आणि तिसरी आपली पृथ्वी.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय एवढं? शुक्र सूर्याच्या जवळ म्हणून गरम, मंगळ लांब म्हणून थंड." उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे बरं का! कारण बुध तर शुक्रापेक्षाही सूर्याच्या जवळ आहे, तरी शुक्र बुधाहून जास्त तापलेला आहे. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सियस तापमान असतं. आणि मंगळाचं काय? १९७१-७२ मध्ये 'मरिनर ९' या यानानं मंगळाभोवती फिरून फोटो काढले, तेव्हा त्यांत चक्क कोरड्या पडलेल्या नद्यांची पात्रं दिसली. आज जिथं सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे, तिथं कधीकाळी पाणी खळखळत वाहत होतं! गंमत म्हणजे त्या काळी सूर्य आजच्यापेक्षा मंद होता. म्हणजे मंगळ आजच्याहून जास्त थंड असायला हवा होता.

तेव्हा एखाद्या ग्रहाचं हवामान नुसत्या त्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. ते कोट्यवधी वर्षांत बदलत जातं. ते कसं बदलतं आणि कोण बदलतं, हे आज आपण पाहू. मी एका कॉलेजात पुष्कळ वर्षं भूशास्त्र शिकवलं. तिथल्या मोठ्या मुलांनाही जे ऐकून नवल वाटायचं, ते तुम्हाला सांगतो.

आधी गोधडीची गोष्ट. सूर्याकडून येणारी उष्णता पृथ्वी परत आकाशात फेकत असते. ती सगळीच्या सगळी निघून गेली असती, तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश झालं असतं. म्हणजे समुद्राचासुद्धा बर्फ! प्रत्यक्षात ते अधिक १५ अंशांच्या आसपास असतं. हा फरक कोण पाडतं? हवेतली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू. हे वायू गोधडीसारखे पृथ्वीला लपेटून असतात आणि उष्णता चटकन बाहेर जाऊ देत नाहीत. आपल्या हवेत कर्बवायू असतो तरी किती? शंभरात अर्धा भागसुद्धा नाही, ०.०४ टक्के फक्त! शुक्राच्या हवेत मात्र तो सुमारे ९६ टक्के, आणि ती हवाही आपल्या हवेच्या नव्वदपट दाबाची. एकावर एक शंभर गोधड्या घेऊन मे महिन्यात झोपावं, तशी शुक्राची गत आहे. मंगळाच्या हवेतही ९५ टक्के कर्बवायूच आहे, पण मुळात हवाच इतकी विरळ, आपल्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, की ती गोधडी नसून फाटकी जाळी आहे.

आता खरं नवल ऐका. शुक्राजवळ जेवढा कर्बवायू आहे, साधारण तेवढाच आपल्या पृथ्वीजवळही आहे! मग आपण शिजून कसे निघत नाही? कारण शुक्राचा कर्बवायू हवेत आहे आणि आपला दगडात कोंडलेला आहे. तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल, तर तुम्ही रोज त्या कोंडलेल्या कर्बवायूवर पाय ठेवूनच चालता. ती फरशी म्हणजे चुनखडक. शुद्ध चुनखडक १०० किलो घेतला, तर त्यातल्या ४४ किलोंचा हिशेब कर्बवायूच्या नावावर निघतो. जगभर असे चुनखडकांचे डोंगरच्या डोंगर पसरलेले आहेत.

पण हवेतला वायू दगडात शिरतो कसा? हे मला पुस्तकात वाचायच्या आधी एका विहिरीनं दाखवलं होतं.

१९७२ साली महाराष्ट्रात फार मोठा दुष्काळ पडला होता. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, लाल मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची आठवण ते सांगतील. त्याच्या आधीची दोन वर्षंही पावसानं दगाच दिला होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जुनी विहीर आटली, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उसनवारी करून नवी विहीर खोदायला घेतली. मी तेव्हा पाचवीत होतो. शाळा सुटली की मी काठावर जाऊन बसायचो. पहार, टिकाव, घण आणि सुरुंग. यारीनं दगडांनी भरलेली पाटी वर यायची आणि मी ती न्याहाळत बसायचो.

वर होती काळी माती. तिच्याखाली पांढरे खडे मिसळलेली माती. तिला आमच्याकडे चुनखडीची जमीन म्हणतात. त्याखाली मुरूम, हातानं दाबला तर चुरणारा, तपकिरी. त्याच्याखाली दगडावर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटलेले. आणि सगळ्यांत तळाशी काळाकभिन्न कातळ, पहार आपटली की ठिणगी उडवणारा. विहिरीवर काम करणारे एक तात्या होते. ते एकदा मला म्हणाले, "पोरा, हे सगळं एकच हाय बघ. खालचा कातळ तोच वरचा मुरूम, आन् मुरूम तीच माती. पानी त्याला खातंय."

पाणी दगड खातं! तात्या शाळेत फारसे गेले नसतील, पण त्यांनी सांगितलं ते शब्दशः खरं आहे. पावसाचा थेंब हवेतून येताना थोडासा कर्बवायू विरघळवून घेतो. सोड्याच्या बाटलीत हेच तर असतं ना? असं पाणी किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी होतं. जमिनीत मुरताना झाडांच्या मुळांजवळ त्याला आणखी कर्बवायू मिळतो. हे आम्ल इतकं सौम्य असतं, की जिभेलाही कळणार नाही. पण त्याच्यापाशी वेळ भरपूर! हजारो वर्षं ते कातळात झिरपत राहतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतं. उरतो तो मुरूम, आणि पुढे माती. कॅल्शियमबरोबर कर्बवायूची गाठ पडते. त्याचा थोडा भाग तिथंच चुनखडीचे पांढरे खडे होऊन बसतो आणि बाकीचा पाण्यात विरघळून नदीला लागतो. विहिरीच्या पाण्यानं बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तो याच चुन्याचा.

नदी पुढे समुद्राला मिळते. आमच्या गावचं पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जातं. समुद्रातले शंख-शिंपल्यांचे जीव आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी सूक्ष्म जीव त्या विरघळलेल्या मालातून आपली कवचं बांधतात. ते मेले की कवचं तळाशी साचतात. थरावर थर चढतात आणि त्यांचा चुनखडक होतो. झाला कर्बवायू बंद पेटीत!

पण सगळाच कर्बवायू असा पेटीत जात राहिला, तर एक दिवस गोधडीच संपेल आणि पृथ्वी गोठेल. तसं होत नाही, कारण पेटी उघडणारंही कोणीतरी आहे. पृथ्वीचं कवच अनेक तुकड्यांचं बनलेलं आहे आणि ते तुकडे, आपली नखं वाढतात साधारण त्या वेगानं, सतत सरकत असतात. समुद्राचा तळ काही ठिकाणी दुसऱ्या तुकड्याखाली शिरतो, खोल जातो, तापतो. चुनखडकातला कर्बवायू मोकळा होतो आणि ज्वालामुखीच्या तोंडातून पुन्हा हवेत येतो. असा एक फेरा पुरा व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात.

आता या फेऱ्यातली खुबी बघा. समजा, काही कारणानं पृथ्वी जास्त तापली. मग पाणी जास्त उडेल, पाऊस जास्त पडेल आणि उबेत दगड अधिक झपाट्यानं झिजतील. कर्बवायू जास्त खर्ची पडेल, गोधडी पातळ होईल आणि ताप उतरेल. आणि पृथ्वी गार पडली तर? पाऊस कमी, झीज मंद. ज्वालामुखी मात्र आपलं काम करतच राहणार. हळूहळू गोधडी जाड होईल आणि थंडी पळेल. घरातली आपोआप बंद-चालू होणारी इस्त्री आठवा. तापली की बंद, निवली की चालू. अगदी तसंच!

योगायोग पाहा. आमची विहीर खोदली जात होती, त्याच १९७२ साली अमेरिकेत कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलेन या शास्त्रज्ञांनी जगापुढे एक कोडं ठेवलं. सूर्य जन्मला तेव्हा आजच्या सुमारे सत्तर टक्केच तेजस्वी होता. मग पृथ्वीवर इतक्या जुन्या काळीसुद्धा वाहतं पाणी होतं, ते गोठलं कसं नाही? पुढे १९८१ मध्ये जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी या झिजणाऱ्या दगडांच्या इस्त्रीचा हिशेब मांडला. सूर्य मंद होता तेव्हा हवेत कर्बवायू जास्त होता. सूर्य तापत गेला तसा तो दगडात कोंडला गेला. कोड्याचा सगळाच उलगडा अजून झालेला नाही, पण या उत्तराचा मोठा वाटा आज मानला जातो.

म्हणजे पृथ्वीला कधी ताप येतच नाही किंवा हुडहुडी भरतच नाही, असं नव्हे हं! सुमारे ७२ कोटी ते ६३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या काळात दोन वेळा पृथ्वी जवळजवळ पूर्ण बर्फानं झाकली गेली होती, अगदी विषुववृत्तापर्यंत. शास्त्रज्ञ जोसेफ किर्शविंक यांनी १९९२ मध्ये तिला 'स्नोबॉल अर्थ', म्हणजे बर्फाचा गोळा झालेली पृथ्वी, असं नाव दिलं. त्यातली पहिली थंडी पाच कोटींहून अधिक वर्षं टिकली! पण बर्फाखाली दगड झिजेनात, आणि ज्वालामुखी तर कर्बवायू ओततच होते. तो साठत साठत इतका झाला, की शेवटी बर्फ वितळला. त्या हिमथरांच्या लगेच वर चुनखडकाचे जाड थर जगात अनेक ठिकाणी सापडतात. साठलेला कर्बवायू पुन्हा पेटीत गेल्याची ती जणू पावतीच.

आपल्या महाराष्ट्रातही थंडीच्या खुणा आहेत, आणि त्या कुठं असतील? चंद्रपूर जिल्ह्यात! जिथं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नवलाचं नाही, त्याच चंद्रपुरात इरईजवळच्या खडकांवर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी अंटार्क्टिकाला चिकटून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. त्या वेळच्या हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचे थर ओडिशात तालचेर इथं भूवैज्ञानिकांनी १८५६ मध्येच ओळखले होते.

आणि ताप? ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात भराभर कर्बवायू मिसळला आणि पृथ्वीचं तापमान काही हजार वर्षांत ५-६ अंशांनी वाढलं. दगडांनी तो ताप उतरवला खरा, पण त्याला दीड ते दोन लाख वर्षं लागली. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढं लागणार आहे.

मग शुक्राची आणि मंगळाची इस्त्री बिघडली कशी?

शुक्रावर कधीकाळी पाणी असावं, असं मानायला जागा आहे. १९७८ मध्ये 'पायोनियर व्हीनस' यानानं मोजलं, तर तिथल्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीपेक्षा शंभरपटीहून जास्त निघालं. हलका हायड्रोजन उडून गेला आणि जड मागे राहिला, याची ही खूण. सूर्याच्या उष्णतेनं पाण्याची वाफ झाली, वाफेनं गोधडी आणखी जाड केली, आणखी वाफ झाली. उंचावर सूर्यकिरणांनी वाफेचे तुकडे केले आणि हायड्रोजन अवकाशात निसटला. पाणीच संपलं! आता पाणी नाही तर दगड झिजवणार कोण? पेटी भरणारे हात गेले आणि ज्वालामुखींनी ओतलेला सगळा कर्बवायू हवेतच राहिला.

मंगळाची गोष्ट उलटी. तो बिचारा लहान. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या फक्त एक दशांश. लहान वाटीतला चहा लवकर निवतो ना? तसं मंगळाचं पोट लवकर निवलं. सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी त्याचं चुंबकीय कवच गेलं. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्यानं आणि किरणांनी त्याची हवा हळूहळू हिसकावून नेली. हे २०१४ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या 'मेव्हन' यानानं दाखवून दिलं. आपल्या 'मंगळयाना'नंही २०१४ पासून २०२२ पर्यंत त्याच आकाशात फेऱ्या घातल्या होत्या. थोडा कर्बवायू मंगळाच्या दगडातही शिरला. गेल विवरात फिरणाऱ्या 'क्युरिऑसिटी' गाडीला सिडेराइट नावाचं कर्बवायू कोंडलेलं खनिज सापडल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. पण तिथं कवचाचे तुकडे सरकत नाहीत. पेटीत गेलेला माल परत आणणारं कोणी नाही. शुक्रावर पेटी भरली गेली नाही आणि मंगळावर ती पुरेशी उघडली गेली नाही, असं म्हणा हवं तर!

पृथ्वीच्या नशिबात आणखी एक सोबती आहे. कोण? आपला चांदोबा! पृथ्वीचा अक्ष साधारण २२ ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान सुमारे ४१ हजार वर्षांत एकदा डुलतो. एवढ्याशा डुलण्यानं आणि कक्षेच्या आकारात होणाऱ्या बदलांनी हिमयुगं येतात आणि जातात. सर्बियाचे गणिती मिलुटिन मिलान्कोविच यांनी हा हिशेब हातानं केला होता. चंद्र नसता तर हा अक्ष कितीतरी जास्त कलंडला असता, असं १९९३ मध्ये जाक लास्कर यांनी गणितानं दाखवलं. मंगळाला मोठा चंद्र नाही, म्हणून त्याचा अक्ष फार मोठ्या फरकानं कलत आलाय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही सगळी गोष्ट मी एकदा एका शाळेत सांगितली. ती संपल्यावर एका मुलीनं भीत भीत हात वर केला. "सर, आपण एवढा धूर करतोय, तर आपली पृथ्वी शुक्रासारखी होणार का?" तिचा आवाज कापत होता. मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "काही होत नाही गं! सरांनीच सांगितलं ना, पृथ्वी आपोआप बरी होते. मग कशाला काळजी?"

दोघांचे प्रश्न मला फार मोलाचे वाटले. तुमच्यापैकीही कितीतरी जणांच्या मनात यांतला एक तरी असणार. काही पालकांच्याही!

त्या मुलीला मी म्हटलं, "बाळ, शुक्र होण्याची भीती सोड. तसं व्हायला सूर्यच जास्त तापावा लागेल. तो तापतोय, पण फार हळू, शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्के. आपण कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीचा शुक्र होईल, असं बहुतेक शास्त्रज्ञांना वाटत नाही."

आणि त्या मुलाला? त्याला मी पाढा नाही म्हणायला लावला, एक भागाकार करायला लावला. ताप उतरायला दीड लाख वर्षं लागतात म्हणजे किती? शिवराज्याभिषेक १६७४ मध्ये झाला. तेव्हापासून आजपर्यंत सुमारे साडेतीनशे वर्षं झाली. तेवढा काळ एकामागून एक चारशेहून अधिक वेळा जावा लागेल! मुलगा वहीत आकडे मांडून गप्प बसला. मग मी त्याला आमच्या गावाबद्दल सांगितलं.

पृथ्वीच्या जमाखर्चाच्या वहीत १९७२ चा दुष्काळ एका टिंबाएवढाही नाही. कर्बवायू होता तसाच, सूर्य होता तसाच; फक्त काही पावसाळे हुकले. पण त्या टिंबात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. गोठ्यातली बैलजोडी, जिला आम्ही नावानं हाका मारायचो, ती चारा नाही म्हणून बाजारात गेली, आणि अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या साली पाऊस पडला. पृथ्वीच्या दृष्टीनं सगळं 'आपोआप बरं' झालं होतं. बैल मात्र परत आले नाहीत.

म्हणून मी दोन घड्याळं मानतो. एक पृथ्वीचं, त्याचा काटा लाखो वर्षांनी हलतो. दुसरं आपलं, सत्तर-ऐंशी पावसाळ्यांचं. पृथ्वी स्वतःला सावरेल, यात मला शंका नाही. पण ती सावरते ती तिच्या घड्याळानं, आणि आपली शेतं, विहिरी, समुद्रकाठची गावं चालतात आपल्या घड्याळावर.

आणि आजचा प्रश्न हा वेगाचा आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब मिळाला आहे. त्या सबंध काळात हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू साधारण १८० ते ३०० भागांच्या मधेच राहिला. १९५८ मध्ये हवाई बेटांवर त्याची रोजची मोजणी सुरू झाली, तेव्हा तो सुमारे ३१५ होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला होता, आणि तेच वर्ष मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून माणूस दर वर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू हवेत सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून सोडतात त्याच्या जवळजवळ शंभरपट. कोट्यवधी वर्षांत भरलेल्या पेट्या आपण दोनशे-तीनशे वर्षांत उघडत चाललोय. मुरमाला एवढी घाई कशी जमणार?

पण घाबरून बसू नका. ज्या गोष्टीचं कारण कळलं, तिच्यावर इलाज करता येतो. शुक्राला आणि मंगळाला आपला आजार कळला नाही, कारण तो ओळखायला तिथं कोणी नव्हतं. इथं तुम्ही आहात! उद्या तुमच्यातलं कोणी सूर्याच्या उजेडावर कारखाने चालवेल, कोणी कमी कर्बवायूचं सिमेंट बनवेल. बेसॉल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, पूड शेतात पसरून कर्बवायू लवकर कोंडता येईल का, याचे प्रयोग जगात सुरूही झालेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्हानं ढीगभर कर्बवायू हवेत सोडला, त्याचाच थिजलेला दगड आता तो परत पकडायला मदत करेल, आहे की नाही मजा?

जाता जाता एक प्रयोग. शेतातून किंवा माळावरून चुनखडीचा पांढरा खडा आणा. तो नाही मिळाला तर अंड्याचं टरफल चालेल. बशीत ठेवून त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. लहान मुलांनी आई-बाबांना बरोबर घ्या, आणि रस डोळ्यांत उडू देऊ नका. फसफस करून बुडबुडे येतील. तो आहे दगडात कोंडलेला कर्बवायू. चुनखडीचा खडा असेल, तर कदाचित हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा पावसानं आणि झाडाच्या मुळांनी तो तिथं ठेवला असेल. ठेवायला किती काळ लागला आणि सोडायला किती, हे घड्याळ लावून बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला लिहून कळवा.